स्वस्त पिस्तुलाचा धनी कोण?

सोनाळ्याच्या किंवा जळगाव जामोदच्या बाजूने येणारी एक चार ओळींची बातमी वऱ्हाडातील वृत्तपत्रवाचकांना आता तोंडपाठ झाली आहे. गुप्त बातमीदाराकडून खबर मिळाली, सापळा रचण्यात आला, संशयित इसमाची अंगझडती घेतली असता कमरेला खोवलेले गावठी बनावटीचे पिस्तूल व दोन जिवंत काडतुसे मिळून आली, शस्त्र अधिनियमान्वये गुन्हा नोंदविण्यात आला, पुढील तपास चालू आहे. तारीख बदलते, इसमाचे वय बदलते, वाक्ये मात्र तीच राहतात. ‘पुढील तपास’ या दोन शब्दांच्या पुढे काय झाले, हे कोणतेही वृत्तपत्र सहसा छापीत नाही. आम्हीही छापलेले नाही, ही कबुली प्रारंभीच दिलेली बरी. आतल्या पानाच्या तळाशी पडून राहणाऱ्या या बातमीला आज आम्ही अग्रलेखासह पहिल्या पानावर आणीत आहोत. बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तर सीमेवर काय चालले आहे, याच्याशी आपला काही संबंध नाही असे शहरातील सुशिक्षित वाचकाला वाटते. तो संबंध कोठे आहे, तेच येथे दाखवावयाचे आहे.

पूर्णेच्या उत्तरेस जळगाव जामोद आणि संग्रामपूर हे दोन तालुके सातपुड्याच्या पायथ्याला टेकलेले आहेत. सोनाळा, टुनकी ही गावे या पट्ट्यातली. डोंगर ओलांडला की बऱ्हाणपूर जिल्हा लागतो आणि त्या जिल्ह्याच्या खकनार तहसिलीत पाचोरी नावाचे गाव आहे. (जळगाव जिल्ह्यातील पाचोरा नव्हे, नावाच्या साम्यामुळे पुष्कळांचा घोटाळा होतो.) पाचोरीत पिस्तुले घडविली जातात, ही गोष्ट कोणापासून लपलेली नाही. मध्यप्रदेशचे पोलीस तेथे वारंवार धाडी घालतात, भट्ट्या मोडतात, माणसे पकडतात आणि काही दिवसांनी भाते पुन्हा चालू होतात. पश्चिमेला चोपडे तालुक्याच्या सीमेला लागून बडवानी जिल्ह्यातील उमर्टी हे असेच दुसरे गाव. २०२५ च्या नोव्हेंबर महिन्यात पुण्याचे पोलीस थेट त्या गावावर चालून गेले आणि तेथील भट्ट्या त्यांनी उद्ध्वस्त केल्या. पुण्यात सापडणाऱ्या हत्यारांचा माग काढीत पोलिसांना तापीचे खोरे ओलांडून सातपुड्यापर्यंत जावे लागले, एवढ्यावरूनच या व्यापाराची लांबी ध्यानात यावी. बुलढाणा जिल्हा या व्यापाराच्या उंबरठ्यावर बसलेला आहे. डोंगरातून उतरलेली वस्तू मलकापूर, नांदुरा किंवा शेगाव येथे मुंबई-नागपूर लोहमार्गाला लागली की मग ती कोठेही जाऊ शकते.

नकाशावरची ही सीमारेषा फार जुनी नाही, हेही येथे सांगितले पाहिजे. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बुलढाणा आणि बऱ्हाणपूर एकाच राज्यात होते. दोघांची राजधानी नागपूर होती. मध्यप्रांत आणि वऱ्हाड हे १९०३ पासून एका शासनाखाली आले होते, आणि टुनकीचा गुन्हेगार डोंगरापलीकडे पळाला तरी तो त्याच सरकारच्या मुलखात राही. राज्यपुनर्रचनेने वऱ्हाडातील मराठी माणूस मराठी राज्यात आला, हे योग्यच झाले. त्याबद्दल कोणाचीच तक्रार नाही. परंतु पुनर्रचनेनंतर सातपुड्याच्या दोन उतारांवर दोन पोलीस दले, दोन न्यायव्यवस्था आणि दोन दप्तरे उभी राहिली, त्यांच्यातील समन्वयाची व्यवस्था मात्र प्रत्येक वेळी नव्याने उभारावी लागते. खरेदीदार अलीकडचा, कारागीर पलीकडचा. अलीकडचा पोलीस खरेदीदाराला पकडतो, पलीकडचा कारागिराला; मधला दलाल दोघांच्याही हद्दीबाहेर राहण्याची दक्षता घेतो.

आता जी वस्तू विकत घेतली जाते तिच्याकडे पाहू. स्वस्त, वापरलेले, किरकोळ दुरुस्ती केली की चालणारे पिस्तूल ही वस्तू काही देशांत दुकानाच्या काचेच्या कपाटात ठेवलेली असते. आपल्या देशात कायद्याच्या चौकटीत ती अस्तित्वातच नाही. सामान्य नागरिकासाठी होणारी परदेशी शस्त्रांची आयात १९८० च्या दशकाच्या मध्यापासून बंद आहे. त्यामुळे ‘वेब्ली अँड स्कॉट’सारखे आजोबांच्या काळचे पॉइंट बत्तीस बोअरचे रिव्हॉल्व्हर आज जुने झाल्यामुळे उतरलेले नाही, उलट चढलेले आहे, त्याचे मोल लाखांत होते. सरकारी कारखान्यातले नवे रिव्हॉल्व्हरही स्वस्त नाही. कानपूरच्या कारखान्याने २०१४ साली ‘निर्भीक’ नावाचे हलके रिव्हॉल्व्हर स्त्रियांसाठी म्हणून बाजारात आणले, तेव्हा त्याची किंमत सुमारे १ लाख २२ हजार रुपये होती. ज्या स्त्रीला रात्रीच्या वेळी सुनसान रस्त्यावरून पायी जावे लागते, तिला ही किंमत परवडणार नाही आणि जिला परवडेल ती पायी जात नाही, ही साधी गोष्ट त्या वेळी कोणाच्या लक्षात आली नसावी! तेव्हा ‘स्वस्त पिस्तूल’ हे शब्द आपल्याकडे उच्चारले की त्यांचा अर्थ एकच होतो: बेकायदेशीर, बिननंबरी, गावठी पिस्तूल. पंचनाम्यात त्याची किंमत बहुधा काही हजारांच्या घरात लिहिलेली असते.

ते स्वस्त का, हे कायदा वाचला की कळते. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाचे आठवे कलम सांगते, की प्रत्येक बंदुकीवर बनविणाऱ्याचे नाव, क्रमांक किंवा ओळखीची दुसरी खूण कोरलेली असली पाहिजे. कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या हत्याराची नेहमीपेक्षा अधिक दाबाचा बार भरून परीक्षा होते, आणि त्यात नळी टिकली तरच तिच्यावर छाप बसतो. गावठी पिस्तुलावर क्रमांक नाही, आणि कुठे असलाच तर तो परदेशी बनावटीचा आभास निर्माण करण्यासाठी कोरलेला. त्याची परीक्षा पहिल्यांदा होते ती विकत घेणाऱ्याच्या मुठीत. नळी फुटून बोटे गेली, तर तो रुग्णालयात जाऊन काय सांगणार? सामान्य मालाच्या किंमतीत बनविणाऱ्याची जबाबदारी धरलेली असते. येथे तीच वजा केलेली आहे.

‘वापरलेले’ या शब्दालाही येथे एक निराळा अर्थ आहे. ज्याने अशा पिस्तुलाने गुन्हा केला, त्याला ते घरात ठेवणे परवडत नाही; तो ते विहिरीत टाकील किंवा मिळेल त्या किमतीला पुढे ढकलील. पडेल भावाने मिळालेले जुने पिस्तूल घेणाऱ्याला वाटते की सौदा साधला. त्या पिस्तुलाने आधी कोणाचा जीव घेतला, हे त्याला ठाऊक नसते. काडतुसाच्या टोपीवर उमटलेल्या ठोक्याची खूण न्यायवैद्यक प्रयोगशाळेत जुन्या गुन्ह्यातील खुणेशी जुळली, तर मागच्या धन्याच्या पापाचा जाब नव्या धन्याला द्यावा लागेल.

दुरुस्तीचीही तीच कथा. चाप अडकतो, घोडा नीट पडत नाही, म्हणून ते गावातल्या एखाद्या हुशार लोहाराकडे किंवा यंत्रशाळेतल्या पोराकडे नेले जाते. तो पोरगा मोटारीचा पंप दुरुस्त करावा तितक्याच निरागसपणे ते हातात घेतो. अधिनियमाच्या पाचव्या कलमाने हत्यार बनविणे आणि विकणे यांच्याच ओळीत ते दुरुस्त करणेही परवान्यावाचून निषिद्ध ठरविले आहे. २०१९ च्या दुरुस्ती कायद्यानंतर या अपराधाला किमान ७ वर्षे आणि जास्तीत जास्त जन्मठेप अशी शिक्षा आहे. नुसते जवळ बाळगणाऱ्याला साधारणतः २ ते ५ वर्षे. पन्नास रुपये घेऊन त्याची स्प्रिंग बदलून देणाऱ्याला मात्र जन्मठेपेपर्यंत! हे प्रमाण न्याय्य आहे की नाही, हा वाद विधिज्ञांनी करावा. परंतु आयटीआयमधून बाहेर पडणाऱ्या जिल्ह्यातील किती मुलांना ही गोष्ट कोणी सांगितली आहे? जे शिक्षक त्यांना कानस धरायला शिकवितात, त्यांनी ही एक ओळही शिकवावी.

अशा जुन्या, डागडुजी केलेल्या हत्यारांची आठवण महाराष्ट्राला नवी नाही. ती सुखाची नाही, म्हणून आपण ती टाळतो. २० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीत बिर्ला भवनातील प्रार्थनासभेजवळ स्फोट झाला. त्या दिवशी सकाळी कटवाल्यांनी हिंदुमहासभा भवनामागील रानात आपली दोन रिव्हॉल्व्हरे तपासून पाहिली, असे माफीचा साक्षीदार दिगंबर बडगे याने लाल किल्ल्यातील खटल्यात सांगितले. एक नीट चालेना. दुसऱ्याची गोळी झाडापर्यंतही पोहोचली नाही. मग तेलाची बाटली आणि चाकू मागविण्यात आला आणि गोपाळ गोडसे रिव्हॉल्व्हर दुरुस्त करावयास बसला. दुरुस्तीचे हे काम पुढे मरीना हॉटेलातील खोलीतही चालू होते. साक्ष देणारा बडगे हा पुण्यात ‘शस्त्रभांडार’ चालवीत असे. शस्त्रांची खरेदी-विक्री हाच त्याचा धंदा. त्या दिवशी रिव्हॉल्व्हर झाडले गेले नाही. नंतर अवघ्या आठ दिवसांनी नथुराम गोडसे आणि नारायण आपटे ग्वाल्हेरला गेले आणि तेथून एक चांगले चालणारे पिस्तूल मिळवून परत दिल्लीला आले. ते इटालियन बनावटीचे बेरेटा होते आणि त्यावर ६०६८२४ हा क्रमांक होता. ३० जानेवारीला सायंकाळी पाच वाजून गेल्यावर काय झाले, ते सांगण्याची गरज नाही.

या प्रसंगाची राजकीय चिकित्सा येथे करावयाची नाही. ती पुष्कळांनी केली आहे. आम्हाला त्यातली एकच गोष्ट येथे हवी आहे. ग्वाल्हेर हे त्या वेळी संस्थान होते. एका मुलखात मिळेना ते हत्यार शेजारच्या मुलखात मिळाले. बेरेटावर क्रमांक होता, तरीही इटलीपासून ग्वाल्हेरपर्यंत तो किती हातांतून आला याचा संपूर्ण हिशेब लागला नाही. मग ज्यावर क्रमांकच नाही, त्या पाचोरीच्या पिस्तुलाचा हिशेब कोण कसा लावणार? दोन मुलखांमधल्या फटीतून हत्यार येते, ही गोष्ट १९४८ साली जितकी खरी होती तितकीच आज सातपुड्यात खरी आहे.

अमेरिकेसारख्या, बंदूक हा मूलभूत हक्क मानणाऱ्या देशालाही स्वस्त पिस्तुलाचा प्रश्न चुकलेला नाही. १९६८ च्या जूनमध्ये लॉस एंजेलिस येथे रॉबर्ट केनेडी यांच्यावर ज्या रिव्हॉल्व्हरमधून गोळ्या झाडल्या गेल्या, ते पॉइंट बावीस बोअरचे, शेजारपाजारच्या हातांतून फिरलेले, २५ डॉलरला घेतलेले होते. त्याच वर्षी तेथील काँग्रेसने कायदा करून हलक्या प्रतीच्या परदेशी पिस्तुलांची आयात थांबविली. व्यापाऱ्यांनी काय करावे? तयार पिस्तुलाऐवजी त्याचे सुटे भाग आणून ते देशातच जोडावयास प्रारंभ केला! कायदा वस्तूकडे पाहतो आणि बाजार मागणीकडे, त्यामुळे अशी पळवाट प्रत्येक देशात निघते.

आमच्या वाचकांपैकी काही जण येथे एक जुना आक्षेप घेतील, आणि तो क्षुल्लक नाही. नागरिकाला निःशस्त्र करणे हे परकीय सत्तेचे धोरण होते. लॉर्ड लिटनच्या १८७८ च्या कायद्याने या देशाचे पौरुष हिरावून घेतले. मग स्वराज्यातही तोच परवाना आणि तोच कलेक्टर का? काँग्रेसने १९३१ च्या कराची अधिवेशनात मूलभूत हक्कांच्या ठरावात, नियमांच्या अधीन राहून का होईना, शस्त्र बाळगण्याचा हक्क घातला होता. घटनासमितीत १९४८ च्या डिसेंबरात, मध्यप्रांत-वऱ्हाडातून निवडून गेलेले हरि विष्णु कामत यांनी तो घटनेत यावा अशी उपसूचना मांडली. डॉ. आंबेडकरांनी तिला उत्तर दिले. प्रत्येकाला बाजारात जाऊन हवे ते हत्यार विनाअडथळा विकत घेता येऊ लागले, तर राज्यकारभार कसा चालावयाचा, हा त्यांच्या उत्तरातील मुख्य प्रश्न होता. उपसूचना फेटाळली गेली. आम्हाला त्या वादात डॉक्टरांची बाजू बळकट वाटते. ज्या समाजात बलवान आणि दुर्बल यांच्यात आधीच एवढे अंतर आहे, तेथे हत्यारे मुक्त झाली की ती प्रथम बलवानाच्याच घरात जमा होतील. एखाद्या दलित वस्तीतल्या भूमिहीनाने कर्ज काढून पिस्तूल घ्यावे आणि त्याच्या जोरावर गावच्या मालदाराशी बरोबरी करावी, हे चित्र सभेत टाळ्या मिळवील; प्रत्यक्षात त्या पिस्तुलासाठी पहिली अटक त्या भूमिहीनालाच होईल.

परंतु या बाजूने बोलणाऱ्यांवर एक बंधन येते. परवान्याचा दरवाजा अरुंद ठेवावयाचा असेल, तर तो निदान उघडझाप करणारा, म्हणजे ओळख असेल त्याला उघडा आणि नसेल त्याला बंद, असा असता कामा नये. अधिनियमानेच पोलिसांच्या अहवालाला मुदत घातली आहे, आणि त्या मुदतीत अहवाल न आल्यास त्यावाचून निर्णय घेण्याची मुभा परवाना अधिकाऱ्याला दिली आहे. शेतीच्या रक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची वेगळी सोय तेराव्या कलमातच आहे. ज्ञानगंगेच्या किंवा अंबाबरव्याच्या रानालगत शेत असलेल्या माणसाचा रानडुकरांनी एका रात्रीत मका झोपविला म्हणजे त्याला कोणता कायदा आठवणार? तो परवान्यासाठी तालुक्याला चार खेपा घालतो, पाचव्या खेपेला कंटाळतो. त्याच्या कंटाळ्याकडे पाहत कोणी तरी बाजाराच्या दिवशी त्याच्या कानाशी लागतो, हे अशक्य नाही. अशा माणसाला आम्ही गुन्हेगार म्हणणार नाही, पण निरपराध म्हणण्याचेही धाडस होत नाही.

मागणी करणाऱ्यांत हा शेतकरी मात्र अपवाद आहे. आजचा नेहमीचा खरेदीदार निराळाच आहे. नदीतील वाळूवर ज्याचा डोळा आहे तो. शहराबाहेरच्या जमिनींच्या सौद्यात साक्षीदाराऐवजी दहशत घेऊन जाणारा. वसुलीचा धंदा करणारा. आणि यांच्या मागेपुढे फिरणारी, विशीही न गाठलेली पोरे. या पोरांना पिस्तूल बहुधा झाडावयाचे नसते, दाखवावयाचे असते. वाढदिवसाला तलवारीने केक कापावयाचा, कमरेचे पिस्तूल दिसेल असे छायाचित्र काढावयाचे आणि ते मोबाइलवरून साऱ्या गावाला पाठवावयाचे. त्या छायाचित्रावरूनच पोलीस त्याच्या दारात येतात, हा त्यातला विनोद. पण चौकातल्या फलकावर त्याचे अभिनंदन करणारी, त्याच्या डोक्यावर हात ठेवून उभी असलेली जी वडीलधारी मंडळी असतात, त्यांच्या दारात कोणी जात नाही.

आता ज्या मुद्द्यासाठी हा प्रपंच केला तो. पिस्तूल डोंगरातल्या भट्टीत घडते. पण काडतूस? पितळेचे आवरण, बुडाची टोपी, मोजून भरलेली दारू हे भात्याचे काम नव्हे. पोलिसांच्या मुद्देमालात पिस्तुलाबरोबर येणारी ‘जिवंत काडतुसे’ सामान्यतः कारखान्यात तयार झालेली असतात. पुष्कळदा त्यांच्या बुडावर ‘केएफ’ ही अक्षरे असतात. ती खडकीच्या दारूगोळा कारखान्याची खूण होय. १८६९ पासून चालत आलेला हा सरकारी कारखाना आहे आणि त्याचा माल कायदेशीर मार्गानेच परवानाधारक विक्रेत्यांकडे जातो. कारखान्याकडे बोट दाखविण्याचे कारण नाही. कारखान्यातून निघालेले काडतूस विक्रेत्याच्या खात्यावर चढते, तेथून एखाद्या परवानाधारक सद्गृहस्थाच्या परवान्यावर नोंदले जाते, आणि नंतर ते टुनकीच्या रस्त्यावर एखाद्या पोराच्या खिशात सापडते. मधल्या जागेत काय झाले? कोणी तरी न झाडलेली काडतुसे झाडली म्हणून सांगितली. कोणी तरी दुसऱ्याच्या परवान्यावर खोटी विक्री दाखविली. हे ‘कोणी तरी’ पाचोरीचे असणे अवघड आहे. त्याच्याजवळ परवाना आहे, दुकान आहे, आयकराचा क्रमांक आहे. तो आपल्यातला आहे.

सरकारी आकड्यांप्रमाणे २०१६ च्या अखेरीस देशात शस्त्रांचे सुमारे ३३ लाख ६९ हजार चालू परवाने होते. त्यांपैकी सुमारे १२ लाख ७७ हजार एकट्या उत्तरप्रदेशात आणि सुमारे ८४ हजार महाराष्ट्रात. उलट जिनिव्हाच्या ‘स्मॉल आर्म्स सर्व्हे’ या संस्थेने २०१८ साली भारतातील नागरिकांजवळ एकूण ७ कोटी ११ लाख बंदुका असाव्यात असा अंदाज केला. तो अंदाज आहे. कोणी त्यात निम्मी घट करून घ्यावी. तरीही परवान्यावरची आणि परवान्याबाहेरची हत्यारे यांतील दरी मिटत नाही. आणि या दरीतल्या हत्यारांना लागणारी कारखानी काडतुसे परवान्याच्या जगातूनच पाझरत असली पाहिजेत. पिस्तूल एकदा घेतले की वर्षानुवर्षे पुरते. काडतूस एकदाच उडते आणि पुन्हा विकत घ्यावे लागते. भट्टी आज मोडली तर उद्या दुसऱ्या ओढ्याकाठी पेटते. काडतुसाचा मार्ग मात्र मोजक्या दुकानांतून जातो, आणि त्या दुकानांची खातेपुस्तके तपासण्याचा अधिकार सरकारजवळ आजच आहे. गेल्या कित्येक वर्षांत सगळा जोर भट्ट्यांवर का राहिला? भट्टीची धाड छायाचित्रात चांगली दिसते, हे एक कारण असावे. दुसरे कारण, खातेपुस्तकांत प्रतिष्ठितांची नावे असतात.

भट्टीवरच्या माणसाविषयीही दोन शब्द लिहिणे आवश्यक आहे. पाचोरी-उमर्टीचे बहुतेक कारागीर सिकलीगर समाजाचे. शिकलगार हा शब्द मराठीला परका नाही; हत्यारांना पाणी देणारा, पाते उजळणारा तो. शिखांच्या सैन्यासाठी शस्त्रे घडविणारे म्हणून या समाजाचा इतिहास सांगितला जातो. १८७८ च्या कायद्याने त्यांचा धंदा गुन्हा ठरविला, आणि दुसरा कोणताही धंदा त्यांना दिला नाही. असाच प्रकार बिहारमध्ये मुंगेरला झाला. मीर कासिमच्या काळापासून तेथे बंदुका घडत आल्या. परवान्यावरचे काम आटले तसतसे तेथील कुशल हात चोरट्या कामाकडे वळले. डोंगरातल्या झोपडीत, साध्या अवजारांनी, परदेशी पिस्तुलाशी मिळतेजुळते पिस्तूल बनविणारा माणूस वाईट काम करतो हे खरे; पण तो निरक्षर मजूर नव्हे, त्याच्या हातात अव्वल दर्जाचे कसब आहे. सरकार संरक्षण उत्पादनात खाजगी भांडवलाला निमंत्रण देते, तेव्हा या कसबाची आठवण कोणालाही होत नाही. त्याला अटक करण्याचे प्रयोग दर वर्षी होतात. त्याच्या मुलाला बऱ्हाणपूरच्या एखाद्या यंत्रशाळेत नेमण्याचा प्रयोग नेटाने आणि पुरेशा वर्षांसाठी करून पाहावा. पाचोरीतल्या सगळ्याच भट्ट्या त्यामुळे थंडावतील, अशा भ्रमात आम्ही नाही.

खटल्यांच्या बाबतीतही बोलावयाचे पुष्कळ आहे. एक उदाहरण पुरे. विनापरवाना शस्त्र बाळगल्याबद्दल खटला भरण्यास अधिनियमाच्या ३९ व्या कलमाप्रमाणे जिल्हादंडाधिकाऱ्यांची पूर्वमंजुरी लागते. मंजुरीला उशीर, प्रयोगशाळेच्या अहवालाला उशीर, तोवर पंच फितूर, आणि आरोपी जामिनावर सुटून पुन्हा त्याच चौकात. शिक्षेची मुदत संसदेने २०१९ साली वाढविली. पण जी शिक्षा होतच नाही ती सात वर्षांची असली काय किंवा सतरा वर्षांची असली काय, चौकातल्या पोराला तिचे भय वाटत नाही.

म्हणून आमची मागणी लहान आहे. बुलढाण्याच्या जिल्हादंडाधिकाऱ्यांनी, आणि त्यांच्याबरोबर अकोला, जळगाव व बऱ्हाणपूर येथील त्यांच्या सहकाऱ्यांनी, आपापल्या जिल्ह्यातील काडतूसविक्रीची गेल्या पाच वर्षांची खाती एकाच वेळी तपासावीत. किती काडतुसे आली, कोणाच्या परवान्यावर किती गेली, झाडलेल्यांची किती रिकामी टरफले परत आली, आणि पोलिसांनी जप्त केलेल्या जिवंत काडतुसांवरील खुणा या खात्यांतील मालाशी कोठे जुळतात, एवढेच पाहावे. यासाठी नवा कायदा नको, नवे पथक नको, डोंगरात मध्यरात्री शिरावयास नको. चार कारकून आणि एक महिना पुरेल. व्यक्तींची नावे जाहीर करण्याची आमची अपेक्षा नाही. जिल्ह्याचे एकूण आकडे मात्र लोकांसमोर यावेत. ते आले की आम्ही ते याच पानावर छापू, आणि मध्यंतरी सोनाळ्याची चार ओळींची बातमी आली, तर त्या काडतुसाच्या बुडावर कोणती अक्षरे होती हे ठाणेदारांना विचारून पाचवी ओळ तिच्याखाली जोडू.